विटलेला कलप आणि राठ झालेले केस

पगाराचा आठवडा आला की आपल्या वस्त्यांतल्या किराणा दुकानांतून साखर, तेल, चहापत्तीबरोबर कलपाच्या पुड्याही हमखास उचलल्या जातात. खराळवाडी असो, दापोडी असो, निगडीची ओटा स्कीम असो की चाकणजवळची नाणेकरवाडी, दुकानाच्या दारात शाम्पूच्या माळेशेजारी कलपाची माळ लटकलेली दिसतेच. १४ एप्रिल जवळ आला, पाठोपाठ वैशाखातली लग्ने आली, की ही माळ दोन दिवसांत रिकामी होते.

कलप लावणे म्हणजे नटवेपणा, असे म्हणणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत. त्यांनी एकदा सकाळी सात वाजता चाकणच्या चौकात उभे राहून पाहावे. कंत्राटी भरतीच्या जाहिरातीवर वयाची अट 'अठरा ते तीस' अशी छापलेली असते. कंत्राटदाराचा माणूस कागद नंतर पाहतो, डोके आधी पाहतो. वीस वर्षे प्रेसवर काम केलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला 'काका, झेपेल का?' असे तो विचारतो आणि मागच्या पोराला पुढे बोलावतो. कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, पॅकिंगला बसणाऱ्या, साफसफाईच्या पाळीला जाणाऱ्या आपल्या भगिनींनाही हाच अनुभव येतो. अशा माणसाच्या दृष्टीने काळे केस म्हणजे सेफ्टी शूजसारखी कामाला लागणारी वस्तू आहे. वयावरून माणूस नाकारणे बरे की वाईट, हा भांडणाचा वेगळा विषय आहे आणि ते भांडण आपण भांडूच. पण ते सुटेपर्यंत लोक कलप लावणार. म्हणून तो नीट कसा लावावा आणि विटल्यावर काय करावे, हे घराघरांत माहीत असलेले बरे.

खरी अडचण विटण्याचीच आहे. पहिल्या दिवशी केस काळेभोर दिसतात. पंधरा-वीस दिवसांत ते तांबूस होतात, टोके गवतासारखी दिसू लागतात आणि भांगात पांढरी रेघ उमटते. मग घाईघाईने पुन्हा पुडी कालवून सगळ्या डोक्याला फासली जाते. आमच्या महिला मंडळात येणारी चिखलीची एक ताई दर गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, असे करत असे. काही महिन्यांत तिची वेणी अर्धी झाली. एका गुरुवारी रात्री टाळूला आग सुटली, सकाळी डोळे सुजून बंद झाले आणि कानामागून पाणी वाहू लागले. दवाखान्याचा खर्च झाला तो झालाच, वर चार दिवसांची हजेरी बुडाली. पुडी कोणत्या कंपनीची होती हा मुद्दा गौण आहे. दर आठवड्याला पूर्ण डोक्याला कलप लावला तर कोणतीही पुडी असेच करील.

रंग विटतो म्हणजे काय होते

केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याच्यावर कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले पातळ खवले दिसतात. त्यांच्या आत केसाचा गाभा असतो आणि केसाचा नैसर्गिक रंग त्या गाभ्यात असतो. खवले घट्ट बसलेले असले की केस गुळगुळीत आणि चमकदार दिसतो. ते उचकटले की केस राठ लागतो, गुंततो आणि तुटतो.

बाजारातला पक्का कलप आत शिरायचा तर ही कौले उचकटावीच लागतात. अमोनियासारखा तीव्र क्षार ते काम करतो. हायड्रोजन पेरॉक्साईड किंवा पुडीतच मिसळलेला तशाच कामाचा घटक केसाचा मूळ रंग थोडा उडवतो आणि कलपाच्या बारीक रेणूंची आतल्या आत जोडणी करून त्यांना काळे करतो. रेणू जोडले गेले की आकाराने मोठे होतात, त्यामुळे सहज बाहेर पडत नाहीत. या कलपाचा मुख्य घटक पॅरा-फेनिलीन-डाय-अमाईन हा आहे. नाव लांबलचक आहे म्हणून पुढे आपण त्याला पीपीडी म्हणू. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी १८६३ मध्ये त्याचा शोध लावला. १९०७ मध्ये पॅरिसच्या युजीन शुएलर या तरुण रसायनतज्ज्ञाने या जातीच्या रसायनांपासून केसांचा कलप तयार करून न्हाव्यांना विकायला सुरुवात केली. त्याचीच पुढे लॉरियल ही जगभर पसरलेली कंपनी झाली. आज आपल्या दुकानातली दहा-वीस रुपयांची पुडी आणि मोठ्या पार्लरमधला हजारो रुपयांचा रंग यांत कुळाचा फरक फारसा नाही.

कौले एकदा उचकटली की ती पहिल्यासारखी बसत नाहीत. प्रत्येक धुण्याबरोबर थोडा रंग फटींतून निसटतो. उन्हानेही रंग मोडतो. मूळ काळा रंग पेरॉक्साईडने उडालेला असतो, त्यामुळे कलप निघाला की खालचा तांबूसपणा उघडा पडतो. म्हणजे केस तांबूस दिसला की त्यातला कलप कमी झाला एवढेच समजू नये. केसाची कौलेही सैल झाली, असे समजावे. त्यावर पुन्हा तोच तीव्र कलप चढवला तर छप्पर आणखी मोडते आणि पुढचा रंग आणखी लवकर विटतो.

आपल्या भागातले पाणी

या सगळ्यात पाण्याचा वाटा मोठा आहे, पण त्याकडे कोणी पाहत नाही. महापालिकेचे पाणी पवना नदीवरच्या रावेत बंधाऱ्यातून उचलले जाते. ते नदीचे पाणी असल्याने केसांना फार त्रास देत नाही. पण पालिकेने २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी देणे सुरू केले, आणि त्याच्या आधीपासूनही अनेक घरांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते. चाकण, म्हाळुंगे, कुरुळी, मोशीकडे खोल्यांच्या चाळींत तर बोअरच जास्त. आपल्याकडचा खडक काळा कातळ आहे. त्याच्या फटींतून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हे पाणी जड आहे, याच्या याच खुणा.

अशा पाण्यात अंगाच्या साबणाने डोके धुतले तर साबण आणि क्षार मिळून चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. केस निस्तेज, राखाडी, जड दिसतात. बऱ्याच वेळा रंग विटला असे जे आपल्याला वाटते, तो रंग विटलेला नसतो, हा साका असतो. तेव्हा पुन्हा कलप कालवण्याआधी एकदा केस साफ करून पाहावेत. अंगाचा किंवा कपड्याचा साबण डोक्याला लावणे बंद करावे. साधा शाम्पू घेऊन तो तळहातावर पाण्यात पातळ करावा आणि मुख्यतः टाळूला लावावा. शेवटी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर घालून ते केसांवरून सोडावे, दोन मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावे. व्हिनेगर नसेल तर तेवढ्याच पाण्यात अर्धे लिंबू पिळून गाळून घ्यावे. ते आंबट पाणी साका सोडवते आणि कौलांना खाली बसायला मदत करते. लिंबू मात्र पूर्ण धुऊन काढावे. लिंबाचा रस अंगावर राहून उन्हात गेल्यास त्वचेवर डाग उठतात आणि केसही उन्हात फिके पडतात. टाळूवर जखम, फोड असतील तर यातले काहीच लावू नये.

बोअरचेच पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे तरी उकळून, गार करून, वरचे निवळ ओतून घेतलेले वापरावेत. उकळल्याने काही क्षार खाली बसतात. बादलीभर पाणी उकळण्यात गॅस जाळू नये, शेवटच्या दोन तांब्यांपुरते पुरे. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरी जाऊ देऊन पत्र्याचे पाणी धरले तर तेही केसांना उत्तम. कारखान्यांच्या पट्ट्यात पहिल्या सरीत धूर आणि धूळ उतरते, म्हणून ती जाऊ द्यायची.

थोडी आकडेमोड

आकडेमोड हा माझा रोजचा धंदा, म्हणून एक हिशेब मांडते. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. एखाद्या बाईची वेणी ४५ सेंटिमीटर असेल तर तिच्या शेंड्याचा केस जवळपास ४५ महिन्यांचा, म्हणजे पावणेचार वर्षांचा असतो. ती दर महिन्याला पूर्ण केसांना कलप लावत असेल तर त्या शेंड्याने ४५ वेळा अमोनिया आणि पेरॉक्साईड सोसलेले असते. दर आठवड्याला लावत असेल तर आकडा दोनशेच्या घरात जातो. कोणते छप्पर एवढे टिकेल? उलट दर महिन्याला पांढरा निघतो तो फक्त मुळाजवळचा एक सेंटिमीटर. म्हणजे नव्या कलपाची गरज ४५ पैकी एका सेंटिमीटरला आहे आणि आपण बाकीचे ४४ उगाच जाळतो. पैशाचे नुकसान वेगळेच.

म्हणून पहिला नियम असा की पक्का कलप फक्त मुळाजवळच्या पांढऱ्या भागाला, आणि तोही चार ते सहा आठवड्यांनी. त्याच्या आत नाही.

लावण्याची रीत अशी ठेवावी. आदल्या दिवशी डोके धुवावे, त्याच दिवशी नको. टाळूवरचा थोडा तेलकटपणा कातडीचे रक्षण करतो. कपाळाची कड, कान आणि मान यांना व्हॅसलीन लावावे. आधी रंगवलेल्या लांब केसांना खोबरेल तेलाचा किंवा कंडिशनरचा जाडसर हात द्यावा, म्हणजे कलपाचे ओघळ तिथे गेले तरी आत शिरत नाहीत. ही साधी युक्ती फार थोड्यांना माहीत आहे. पार्लरवाल्या मुलींनाही सांगून करून घेता येते. हातमोजे घालावेत, प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या वाटीत कालवावे, धातूच्या भांड्यात नको. जुना टूथब्रश घेऊन भांग पाडत पाडत फक्त मुळांना लावावे. पाकिटावर जेवढी मिनिटे लिहिली आहेत तेवढीच घड्याळ लावून ठेवावीत. जास्त वेळ ठेवल्याने रंग जास्त पक्का होत नाही, कारण रेणूंची जोडणी ठरावीक वेळात पूर्ण होते. त्यानंतर फक्त टाळू भाजते. एका खोलीचे घर असेल तर खिडकी-दार उघडे ठेवावे, स्वयंपाक चालू असताना लावू नये. कोमट किंवा गार पाण्याने धुवावे, कढत पाणी नको. पुढचे दोन दिवस शाम्पू करू नये.

दोन ट्यूबांचा कलप असेल तर लागेल तेवढाच, पाकिटावरच्या प्रमाणात दोन्हींतून घ्यावा आणि ट्यूबा घट्ट बंद कराव्यात. एकदा कालवलेला उरला तर टाकून द्यावा. तो बाटलीत भरून झाकण लावून ठेवला तर आत वायू होऊन बाटली फुटण्याचा धोका असतो.

लांबीचा रंग उजळायचा कसा

आता मुळे झाली, पण खालचे केस तांबूसच राहिले, असे होते. तिथे पुन्हा पक्का कलप न लावता तीन वाटा आहेत.

पहिली, मुळांची वेळ संपायला तीन-चार मिनिटे उरली असताना डोक्यावर थोडे पाणी शिंपडून तोच कलप रुंद दातांच्या फणीने खाली ओढायचा आणि लगेच धुऊन टाकायचा. त्या वेळी आधी लावलेले तेल कमी ठेवावे लागते. हे तीन-चार महिन्यांतून एकदाच करावे.

दुसरी वाट मला जास्त बरी वाटते. पेरॉक्साईड नसलेले, दोन ट्यूबा कालवायच्या नसलेले रंगीत कंडिशनर किंवा मास्क मिळतात. ते कौले उचकटत नाहीत, वरवर रंग चढवतात. साध्या कंडिशनरमध्ये थोडे मिसळून ओल्या केसांना लावले की तांबूसपणा झाकला जातो. हा रंग काही धुण्यांत निघतो, पण केसाचे नुकसान होत नाही. मात्र याने पांढरा केस काळा होणार नाही, फक्त विटलेला काळा सावरेल. एका घरात एकीने डबा आणला तर तिघी-चौघींना पुरतो.

तिसरी वाट जुनी, काळ्या चहाच्या दाट काढ्याची. चहापत्ती खूप उकळून, गाळून, पूर्ण गार करून केसांवरून ओतायची आणि अर्ध्या तासाने धुवायची. थोडी छटा येते, पुढच्या धुण्याला जाते. लग्नाच्या आदल्या दिवशी ठीक आहे, त्याहून मोठी आशा धरू नये. भांगातली पांढरी रेघ एका दिवसापुरती झाकायची असेल तर भुवईची काळी पेन्सिल पुरते, किंवा भांगच नागमोडी पाडावा. घाम येणाऱ्या कामाला जाताना पेन्सिल वापरू नये, कपाळावर ओघळ येतात.

रंग चढवण्याइतकेच केस सांभाळणेही महत्त्वाचे. यात आपले खोबरेल तेल उपयोगी आहे, आणि हे केवळ आजीबाईचे म्हणणे नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, बाकीच्या दोघांना ते जमत नाही, असे त्यात दिसले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच वाचावे, पण केसांच्या अभ्यासकांत हा निष्कर्ष मान्य झालेला आहे. डोके धुण्याच्या आदल्या रात्री केसांच्या लांबीला तेल चोळावे, सकाळी धुवावे. धुतल्यावर कंडिशनर दोन मिनिटे, फक्त लांबीला, टाळूला नाही. खराब झालेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमध्ये धन भाराचे रेणू असतात. त्यामुळे ते नेमके मोडक्या जागी जाऊन चिकटतात. स्वस्त पुडीही हे काम करते, महागड्या डब्याची गरज नाही.

दुचाकीने भोसरीहून चाकणला जाणाऱ्यांनी हेल्मेट घालायचेच. त्याने रंग जातो म्हणून ते हँडलला लटकवणे म्हणजे शुद्ध मूर्खपणा. आत सुती रुमाल बांधावा, तो रोज धुवावा. ओल्या केसांवर हेल्मेट किंवा कंपनीची टोपी चढवू नये. ओला केस ताणला जातो आणि घासून तुटतो.

मेंदीचे खरे-खोटे

मेंदीचा रंग केसाच्या वरच्या थराला धरतो, कौले उचकटत नाही. विटलेल्या काळ्या केसांवर ती लावली तर तांबूसपणाला खोल छटा येते, पण पांढरा केस नारिंगी होतो. ते नको असेल तर मेंदी धुतल्यावर नीलवनस्पतीच्या पानांची पूड पाण्यात कालवून पंधरा-वीस मिनिटांत लावतात, म्हणजे गडद तपकिरी ते काळा रंग येतो. तो पूर्ण खुलायला एक-दोन दिवस लागतात. ही पानांची नीळ काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. पांढरे कपडे धुताना घालतो ती नीळ चुकूनही डोक्याला लावू नका. हे सांगण्याची वेळ आली होती, म्हणून सांगते.

'काळी मेंदी' नावाच्या पुड्या हा मात्र निराळा प्रकार आहे. मेंदीचे पान कधीही काळा रंग देत नाही. दहा-वीस मिनिटांत केस काळे करणारी मेंदी असेल तर तिच्यात बहुतेक पीपीडीच असते. वेष्टनावर पानांचे चित्र असते, घटक मागे बारीक अक्षरांत असतात. मुलांना चष्मा लावून वाचायला सांगा. 'अमोनियाविरहित' या शब्दानेही भुलू नये. अमोनियाऐवजी कमी वासाचा दुसरा क्षार घातलेला असतो, पेरॉक्साईड आणि पीपीडी असतातच.

आधी काय लावले होते हे ठाऊक नसताना वर पेरॉक्साईडचा कलप चढवणेही धोक्याचे. काही जुन्या पद्धतीच्या कलपांत आणि भेसळीच्या मेंदीत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साईड पडले की केस गरम होऊन तुटतात. फणीत निघालेल्या केसांचा लहान झुपका दोऱ्याने बांधावा आणि त्याला आधी कलप लावून पाहावा. तो गरम झाला, चिकट झाला किंवा ओढताच तुटला तर डोक्याला लावू नये.

तरुण मुलामुलींसाठी

कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलांत सोनेरी, लाल, जांभळ्या बटांची हौस आहे. त्यासाठी केस आधी ब्लीच करावे लागतात, म्हणजे गाभ्यातला रंग पूर्ण काढावा लागतो. असा केस स्पंजासारखा होतो, रंग पटकन पितो आणि पटकन सोडतो. रंग विटला म्हणून पुन्हा ब्लीच करू नका. आधीच फिक्या झालेल्या केसाला ब्लीचची गरजच नसते. वर सांगितलेला पेरॉक्साईड नसलेला रंग कंडिशनरमध्ये कालवून लावला की बट पुन्हा उजळते. सरळ केस करण्याची प्रक्रिया आणि रंग एकाच दिवशी करून देतो म्हणणाऱ्या पार्लरला नमस्कार करून बाहेर पडावे. दोन्हींत किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत.

अंगावर उठले तर

पीपीडीची अॅलर्जी पहिल्या वेळेला दिसत नाही. दहा वर्षे लावणाऱ्याला अकराव्या वर्षी होऊ शकते, आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. म्हणून प्रत्येक वेळी, निदान नवीन पुडी घेताना तरी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास पाहावे. खाज, लाली, फोड आले तर तो कलप कचऱ्यात टाकावा. पीपीडी असलेल्या कलपाच्या वेष्टनावर ही चाचणी करण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची, नाही तर अंधत्व येऊ शकते अशी, सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती छापलेली नसेल तर ती पुडी घेऊच नका.

कामगारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काळे रबर, म्हणजे टायर, होजपाइप, गॅस्केट बनवताना याच कुळातले एक रसायन वापरतात. अशा कामाने ज्यांच्या हातांना वारंवार चिरा-पुरळ येते, त्यांच्यापैकी काहींना कलपही सोसत नाही. अशांनी आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांना विचारावे. ईएसआयचे कार्ड असेल तर चिंचवडला मोहननगरचे रुग्णालय आहे, नसेल तर संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. जाताना पाकीट बरोबर न्या.

आणि ज्या घरात लहान मुले आहेत तिथे पुडी किंवा बाटली कुलपात ठेवा. ती मुलांच्या हाती, आणि रागाच्या भरात मोठ्यांच्याही हाती, सहज लागता कामा नये. पीपीडी पोटात गेले तर काही तासांत चेहरा, जीभ आणि गळा सुजतो, श्वास कोंडतो. नंतर लघवी गडद होते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. त्यावर नेमका उतारा नाही, वेळेवर मिळालेले उपचार हाच आधार. मीठपाणी पाजून उलट्या काढत बसू नका. १०८ ला फोन करा आणि पाकीट घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठा, मूल वरून ठीक दिसत असले तरीही.

कलपच सोडायचा असेल तर

निवृत्त झालेल्या, किंवा कंटाळलेल्या, अनेक भगिनी आता विचारतात की हे बंद कसे करावे. एकदम बंद केले तर वर पांढरे आणि खाली तांबडे असे दोन रंग काही महिने दिसतात. पुरुषांचे सोपे आहे, दोन-तीन वेळा केस बारीक कापले की झाले. बायकांनी दर दोन महिन्यांनी खालचे तीन-चार सेंटिमीटर कापत जावे आणि मधल्या काळात रंगीत कंडिशनरने सीमारेषा पुसट ठेवावी. वर्षाला बारा सेंटिमीटर धरले तर मानेपर्यंतचे केस साधारण दोन वर्षांत पूर्ण आपले होतात. तोवर डोक्यावरचा पदर किंवा ओढणी उन्हापासून तेवढीच मदत करते.